दुकानातून काढलेला मावशीचा आवाज

मित्रांनो, मी एक जुने ॲप आहे. जुने म्हणजे अवघ्या सहा वर्षांचे, पण आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येते.

मेंदूच्या झटक्याने मावशीची वाचा गेली, तेव्हा तिच्या भाचीने मला जेवणाच्या टेबलावर बसून घडवले. चित्राचे बटण दाबले की मी भाचीच्या आवाजात बोलते: पाणी दे, पाठ दुखतेय, खिडकी लाव. पहिल्याच दिवशी मावशीने ओठांवर बोट ठेवून नवऱ्याकडे, म्हणजे काकांकडे पाहिले. भाचीला कळले. तिने आणखी एक बटण केले: "गप्प बसा." सगळ्यांत जास्त हसले ते काकाच.

मग मी ॲपच्या दुकानात गेले. तिथले तपासनीस पारखूनच आत घेतात, असे भाची अभिमानाने सांगे. त्यांनी मला पहिल्या पानावर मांडले, माझी वाहवा केली. कितीतरी घरांत मुकी झालेली माणसे पुन्हा भांडू लागली. मला ते दुकान माहेरच वाटू लागले.

पुढे दुकानाने स्वतःचे बोलके ॲप काढले. चित्रे वेगळी, मांडणी थेट माझी. आणि मला बाहेर काढताना कारण दिले, की अशा प्रकारचे ॲप आधीच उपलब्ध आहे. भाचीने दाद मागितली. दर वेळी तेच वाक्य परत आले.

मी उरले फक्त जुन्या फोनांत. गेल्या महिन्यात मावशीचा फोन पडला. काच तडकली, बॅटरी फुगली. दुरुस्तीवाला म्हणाला, उघडला तर कायमचा बंद पडेल. काकांनी नवा फोन आणला, पण त्यात दुकानाबाहेरचे काहीच चढत नाही. मला घडवणारी भाचीसुद्धा मला त्यात नेऊ शकली नाही.

नव्या फोनात दुकानाचे ॲप होते. त्यात परक्या बाईचा गोड आवाज होता आणि आपले बटण करायची सोय नव्हती. मावशी बराच वेळ एक बटण शोधत राहिली.

"अगं, एवढं मोठं दुकान," काका म्हणाले, "काहीतरी विचार करूनच काढलं असेल ना त्यांनी."

मावशीने नवा फोन पालथा घातला. तडकलेल्या काचेवरून जपून बोट नेत तिने मला दाबले.

"गप्प बसा," मी म्हणाले.

या वेळी काका हसले नाहीत.

मित्रांनो, आम्हाला जपा असे मी सांगणार नाही. मावशीने मला जपलेच होते. ज्यातून आपण बोलतो, त्याची किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती देऊ नका. तो वाहवाही करतो आणि दारही लावून घेतो.