दुसरी चावी

शिंपीणबाईंकडची सगळी मापं कॉम्प्युटरमध्ये. मागे पासवर्ड चोरीला गेला, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. म्हणून त्यांनी बोटाएवढ्या दोन सुरक्षा-चाव्या आणल्या. चावी खुपसून तिच्यावर बोट टेकवल्याशिवाय आता कॉम्प्युटर कुणालाच दाद देत नाही.

"एक हरवली तर? दुसरी विश्वासाच्या माणसाकडे ठेवा," दुकानदार म्हणाला होता.

माणूस एकच सुचलं, धाकटी बहीण. आणि तिच्याशी तर चार वर्षं अबोला! मेला तो दुकानदार!

बहिणीने दार उघडलं.

"माझ्या कॉम्प्युटरची चावी आहे. हरवलीस तर बघ," बाई गुरकावल्या.

"धांदरट तू आहेस ताई, मी नाही," म्हणत बहिणीने ती खिळ्याला अडकवली. त्याच खिळ्याला बाईंच्या घराची जास्तीची चावी अजून लटकत होती.