तिसरी पुकार

शनिवारी दुपारी ईश्वरदास मास्तर सक्करदरा वस्तीतल्या आपल्या घराच्या ओसरीवर बसून दुसऱ्या दिवशीचा शास्त्रपाठ मोठ्यानं वाचून पाहत होते, आणि आत त्यांच्या पत्नी कुसुमावतीबाई सुपातले तांदूळ निवडत होत्या. तांदूळ लग्नाचे होते. मुलगा रविंद्र याचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं आणि उद्या चर्चमध्ये त्याची तिसरी पुकार होती.

ख्रिस्ती लग्नाआधी तीन रविवार भरल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांपुढे, वधूवरांची नावं जाहीर करतात, तिला पुकार म्हणतात. पाळकसाहेब नावं वाचतात आणि विचारतात, या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्यानं आता सांगावी. कोणाची हरकत नसते. मंडळी खोकते, बायका पदर सारखा करतात आणि पुढचं गीत सुरू होतं. मास्तरांच्या मंडळीत मात्र चार वर्षांपासून तिसऱ्या पुकारेला आणखी एक रीत होती. मुलाच्या बापानं उभं राहून सांगायचं की, या लग्नात हुंडा म्हणून एक पैसाही घेतलेला नाही. हा नियम पंचांच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटून पास करून घेतला होता तो याच ईश्वरदास मास्तरांनी. तेव्हापासून त्यांचा मान वाढला होता, आणि मान वाढला की मानेला वाकायची सवय राहत नाही.

पाठ शौल राजाचा होता. देवानं राजाला बजावलं होतं की, शत्रूच्या मालातलं काहीही ठेवू नकोस. राजानं लढाई जिंकली, रोगट नि टाकाऊ होतं ते सगळं नष्ट केलं आणि धष्टपुष्ट मेंढरं तेवढी राखून ठेवली. शमुवेल संदेष्टा भेटायला आला तेव्हा कोणी विचारायच्या आतच राजा म्हणाला, देवाची आज्ञा मी पाळली आहे. संदेष्टा म्हणाला, मग माझ्या कानांवर मेंढरांचा आवाज कसा येतो? राजाचं उत्तर तयार होतं. ती तर लोकांनी देवाला अर्पण करायला ठेवली आहेत.

सुपातला कुसुमावतीबाईंचा हात थांबला. त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. दाराबाहेर, मोरीच्या बाजूला, ताडपत्रीखाली नवीकोरी स्कूटर उभी होती. आदल्या दिवशी ती एका हातगाडीवरून आली होती, आणि मास्तरांनी घरात ताकीद दिली होती की, तिसरी पुकार होईपर्यंत ताडपत्री काढायची नाही.

स्कूटर मास्तरांनी मागितली नव्हती, हे मास्तर शपथेवर सांगू शकले असते. रविंद्रची नोकरी कळमेश्वरच्या एका कारखान्यात. सोयरीक जुळली तेव्हा मुलीचे वडील जागेश्वर, उमरेडचे विणकर, हात जोडून म्हणाले की तुमची काही अपेक्षा असेल तर बोला. मास्तर हसले. हुंड्याचं नाव काढू नका, तो नियमच माझा आहे, असं म्हणाले. मग चहा पिता पिता, जणू सहज आठवलं म्हणून, पोराला रोज कळमेश्वरला जावं लागतं, त्या बाजूच्या खेड्यांत प्रार्थनेलाही कोणी पोचत नाही, एखादी स्कूटर असती तर प्रभूची सेवा झाली असती, असंही म्हणाले. एवढंच. त्या काळी स्कूटरला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत. जागेश्वरांनी जादा पैसे मोजून ती दोन महिन्यांत उभी केली, आणि कागद मुलीच्या, प्रेमिलाच्या नावावर केले. म्हणजे हुंडा नाही, मुलीची वस्तू. आणि तीही सेवेसाठी. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, पण मास्तरांना आपण कोरडे पाषाण आहोत असं वाटतच नव्हतं. अर्ध्या खऱ्याची हीच तर गंमत आहे. पुरं खोटं बोलणाऱ्याची झोप तरी उडते.

कुसुमावतीबाईंना मेंढरांचा आवाज ऐकू आला नव्हता. त्यांच्या बाबतीत उलटं झालं होतं, यायला हवा तो आवाजच आला नव्हता.

गुरुवारी त्या पोलक्याचं माप घ्यायला उमरेडला गेल्या होत्या. जागेश्वरांचं घर त्यांना सोयरीक पाहायला गेल्यापासून माहीत होतं. तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच हातमागाची खटखट ऐकू येत होती. एक माग जागेश्वर चालवत, दुसरा प्रेमिलाची आई, आणि बोलता बोलता कोणाचाही हात थांबत नव्हता. या गुरुवारी गल्ली मुकी होती. त्या आत गेल्या तर मागावर बसून पाय सोडायच्या दोन्ही खड्ड्यांवर फळ्या टाकलेल्या, त्यावर गोधडी अंथरलेली, आणि जागेश्वर त्या गोधडीवर रिकाम्या हातांनी बसलेले. माग जुने झाले होते, विकून टाकले, असं ते म्हणाले. मागाला आता कोण विचारतो, असंही म्हणाले. माग जुने होते हे खरंच होतं.

प्रेमिला त्यांना बस स्टँडपर्यंत सोडायला आली. बस लागली तेव्हा तिनं हळूच विचारलं, "आई, गाडी आली म्हणजे झालं नं? का आखीन काई राहिलं?"

हेच शब्द, याच हळू आवाजात, कुसुमावतीबाईंनी पूर्वी ऐकले होते.

त्यांच्या घराची एक भिंत शेजारच्या सिंधूताईंच्या घराशी सामाईक होती. चार वर्षांपूर्वी सिंधूताईंची सून वच्छला त्या भिंतीपलीकडे नांदत होती. शहरातल्या महाल भागात पुस्तकं बांधण्याचं काम करणाऱ्या नत्थूजींची ती मुलगी. आधी पंखा आला, मग घड्याळ, मग रेडिओ. प्रत्येक वेळी भेट म्हणूनच आलं. प्रत्येक वेळी वच्छला सासूला विचारी, आखीन काई राहिलं का? एका सकाळी त्या घरात स्टो भडकला आणि वच्छला गेली. तिला शेवटचं न्हाऊ घालायला बायका पुढं होईनात, तेव्हा कुसुमावतीबाईंनीच हात लावला होता.

पोलीस विचारायला आले, तेव्हा मास्तरांनी बायकोला आत बोलावून समजावलं. सिंधूताई आपल्या मंडळीतल्या, शेजारच्या, जन्माचं वैर कोणी घ्यावं. "खोटं बोलू नको वं. विचारलं तेवढंच सांगायचं." पोलिसांनी विचारलं, स्टो भडकला का? कुसुमावतीबाई म्हणाल्या, हो, भडकला. ते खरंच होतं. भडक्याच्या आधी भिंतीपलीकडून त्यांनी तीन शब्द ऐकले होते, ते कोणी विचारले नाहीत आणि त्यांनी सांगितले नाहीत. पुढच्याच महिन्यात मास्तरांनी तो हुंड्याचा नियम करून घेतला. मंडळीला वाटलं, केवढा हा कळवळा. कुसुमावतीबाईंना तेव्हाच कळलं होतं की नवऱ्यानं फळी टाकून खड्डा झाकला आहे, पण त्या फळीवर त्याही चार वर्षं बसून राहिल्या.

मास्तरांचं वाचन संपलं. त्यांनी आत येऊन पाणी मागितलं. कुसुमावतीबाईंनी पाणी दिलं आणि सांगितलं की जागेश्वरांचे दोन्ही माग गेले, घर आता काय खाईल कोण जाणे, गाडी परत पाठवा. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की आपण मागितली नाही, त्यांनी दिली, आणि कागद पोरीच्याच नावावर आहेत. उद्या जे म्हणायचं आहे त्यात पैसा हा शब्द आहे, स्कूटर हा शब्द नाही.

"अन् पुढं?" कुसुमावतीबाईंनी विचारलं.

"पुढं काय? एकुलती एक पोरगी आहे त्यायची. जागा रस्त्याले लागून आहे. म्हातारपणी त्यायलेच एकटं राहून काय करायचं? पाहू नं सावकाश."

रविंद्र दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि आईकडे न बघता म्हणाला की बाबा पाहून घेतील. तो वाईट मुलगा नव्हता. पण वाईट नसलेली मुलं अशीच दारात उभी राहतात, आणि म्हणूनच घराघरांतून हे निभून जातं.

कुसुमावतीबाई पुन्हा सूप घेऊन बसल्या. भिंतीपलीकडे सिंधूताईंच्या घरी स्टो पेटल्याचा आवाज आला. रोज येणारा आवाज, पण त्या दिवशी त्यांच्यानं तो ऐकवेना. त्यांनी सूप उचललं आणि अंगणात जाऊन, ताडपत्रीकडे पाठ करून, उरलेले तांदूळ निवडले.

रविवारी चर्च भरलं होतं. जागेश्वर, त्यांची बायको आणि प्रेमिला पहिल्या बसनं उमरेडहून आले होते. पुरुषांच्या बाजूला अगदी शेवटच्या बाकावर नत्थूजी नेहमीसारखे एकटे बसले होते. चार वर्षं ते दर रविवारी महालातून इथं येत. मुलीला मूठमाती याच मंडळीनं दिली म्हणून येत असावेत, असं लोक म्हणत. ते कोणाशी बोलत नसत. सिंधूताई बायकांच्या तिसऱ्या बाकावर, कुसुमावतीबाईंच्या बरोबर पुढं.

मास्तरांनी पाठ वाचला. कुसुमावतीबाईंना आतून वाटत होतं की मेंढरांच्या त्या वाक्याला तरी यांचा आवाज अडखळेल. अडखळला नाही. उलट तिथं त्यांनी आवाज असा काही चढवला की एकदोघांनी मान डोलावली. ते पाहून कुसुमावतीबाईंची उरलीसुरली आशा गेली. ज्याला वाचता येत नाही त्याला समजावता येतं. इतकं छान वाचणाऱ्याला कोण समजावणार?

पाळकसाहेबांनी नोंदवही उघडली, रविंद्र आणि प्रेमिला यांची नावं तिसऱ्यांदा वाचली. रीतीप्रमाणं मास्तर उभे राहिले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "या लग्नात हुंडा म्हणून एक पैसाही घेतलेला नाही."

पाळकसाहेबांनी विचारलं, "या लग्नाला कोणाची हरकत आहे काय?"

मंडळी खोकली. पुढचं गीत काढायला पानं सळसळली.

"माही आहे," कुसुमावतीबाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या.

पानांचा आवाज थांबला. त्यांनी पुढच्या बाकाची पाठ धरली. "पैसा नाई घेतला, हे खरं आहे. गाडी घेतली. आमच्या घरामागं ताडपत्रीखाली उभी आहे. तिच्यासाठी या जागेश्वरजीचे दोन्ही माग गेले. मी उमरेडले जाऊन खड्ड्यावरच्या फळ्या पाहून आली."

मास्तर बायकोकडे वळले. घरातलं बोलणं घरात करू, बस खाली, असं ते दबल्या आवाजात म्हणाले.

"पाळकसाहेबांनी विचारलं, म्हणून सांगून राहिली. तुमीच शिकवलं मले, विचारलं तेवढं सांगायचं."

जागेश्वर धडपडत उठले. "आमी खुशीनं देली जी," ते म्हणाले. त्यांचे हात जोडलेलेच होते. मधल्या वाटेपलीकडे, बायकांच्या बाकाच्या कडेला बसलेल्या प्रेमिलानं हात लांबवून बापाचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं, आणि मग मान वर करून, सगळ्यांदेखत, कुसुमावतीबाईंकडे बघत राहिली. एवढ्या दिवसांत त्या पोरीनं मान पहिल्यांदाच वर केली होती.

पाळकसाहेबांनी नोंदवही मिटली. ही पुकार आज पुरी होत नाही, एवढं ते म्हणाले. लोकांना वाटलं, संपलं. बायका एकमेकींकडे वळू लागल्या. तेवढ्यात शेवटच्या बाकावर कोणी तरी उभं राहिल्याचा आवाज झाला.

नत्थूजी बाकाबाकाला हात टेकत पुढं आले. मोठ्यानं बोलायची त्यांना सवय राहिली नव्हती, म्हणून जवळ येऊन बोलले.

"बाई, चार वर्षं मी विचारलं नाई. विचारलं असतं तं तुमी सांगतलं असतं का, तेबी मले मालूम नाई. आज विचारतो. माह्या वच्छलाचं त्या दिवशी तुमी काय आयकलं?"

सिंधूताईंची पाठ कुसुमावतीबाईंच्या हाताला टेकलेली होती. ती ताठ झालेली त्यांना जाणवली. पलीकडून मास्तर मान हलवत होते. आता त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. एवढं एक नको, असं ते डोळे म्हणत होते. तीस वर्षांचा संसार त्या नजरेत उभा होता, आणि कुसुमावतीबाईंना त्याची माया नव्हती असं नाही.

"'आई, कडी काढा,'" त्या म्हणाल्या. "असं म्हणली ती. आंदी हे म्हणली, मंग भडका झाला. कडी बाहीरून होती."

नत्थूजींनी मान हलवली, जणू त्यांना ठाऊकच होतं, फक्त दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं. मग ते तिथंच खाली फरशीवर बसले. त्या दिवशी पुढचं गीत झालं नाही.

दुपारी रविंद्रनं ताडपत्री स्वतः काढली. त्यानं बापाला विचारलं नाही. गाडी ट्रकवर चढवून तो उमरेडला गेला, आणि जागेश्वरांना म्हणाला की ही विका, माग परत मिळतात का ते आपण दोघं जाऊन पाहू. लग्नाचं तो काही बोलला नाही. तो आता प्रेमिलानं बोलायचा विषय होता.

मास्तर ओसरीवर बसून राहिले. त्यांच्या हातात पुढच्या रविवारचा कोणताही पाठ नव्हता.

सोमवारी सकाळी कुसुमावतीबाई धुतलेलं पातळ नेसून नत्थूजींबरोबर पोलीस ठाण्यात गेल्या. तिथल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. चार वर्षं झाली, तेव्हा काहून नाही सांगितलं, असं त्यानं विचारलं.

"तवा तुमी स्टोचंच विचारलं," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "मीबी तेवढंच सांगतलं. ते माह्यं पाप आहे. तेबी लिहा."