शिट्टीबाईंच्या फुफ्फुसातली मी

मी एक गाठ बोलतेय. लगेच चेहरा पाडू नका. गाठ असले तरी मी साध्या घराण्यातली आहे.

आमचं मूळ घर मेंदूभोवतीच्या आवरणात, शिट्टीबाईंच्या डोक्यात. बाई पोहायला शिकवायच्या. त्यांच्या शिट्टीने पलीकडच्या गल्लीतली माणसंही दचकायची, म्हणून हे नाव. माझी आई, म्हणजे मूळ गाठ, तिथे वर्षानुवर्षं गुपचूप वाढली. डोकं दुखलं की बाई तलावातल्या क्लोरीनला दोष द्यायच्या. शेवटी हात सुन्न पडायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी कवटी उघडून आईला काढलं. साधीच गाठ होती, आता विसरा, असं ते म्हणाले आणि बाई खरोखरच विसरल्या.

पण काही पेशी त्याआधीच रक्तात निसटल्या होत्या. आमच्या घराण्यात सहसा कोणी कवटीचा उंबरठा ओलांडत नाही. आम्ही ओलांडला आणि थेट फुफ्फुसात उतरलो. जागा फारच हवेशीर! तिथे आम्ही निवांत वाढत राहिलो.

पुढे बाईंना खोकला लागला, छातीचा फोटो निघाला आणि आमचं बिंग फुटलं. ते ठिपके पाहून सगळ्यांनी एकच अर्थ काढला: फुफ्फुसाचा कॅन्सर. बाई घरी आल्या आणि नवऱ्याला कपडे धुण्याचं मशीन शिकवायला बसल्या. तो मध्येच म्हणाला, "मला हे शिकायचं नाहीये."

"बघ तरी," बाई म्हणाल्या. "पांढरे कपडे वेगळे टाकायचे."

मग सुईने माझ्या थोरल्या बहिणीचा तुकडा काढून तपासला. हा फुफ्फुसाचा कॅन्सर नाही, डोक्यातलीच गाठ इथवर आली आहे, असं क्वचितच होतं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. नवऱ्याने पुन्हा पुन्हा विचारलं, साधीच ना?

"साधी आहे, पण फिरस्ती आहे," त्या म्हणाल्या. "लक्ष ठेवावं लागेल."

मोठ्या बहिणी काढल्या. मी बारकी, हृदयाला खेटून बसलेली. मला हात लावणं धोक्याचं, म्हणून राहिले. तपासणीच्या वेळी बाई श्वास रोखून धरतात, तेव्हा मीही अंग चोरून बसते.

वाढणार नाही, असं वचन मला देता येत नाही. अजून तरी वाढलेले नाही. तुम्ही मात्र गाठ काढली म्हणून पुढच्या तपासण्या टाळू नका.

काल बाई पुन्हा पाण्यात उतरल्या. तळाला हात लावला आणि मला घेऊनच वर आल्या.