सासूबाईंची नोटीस

सासूबाईंनी नोटीस दिली तेव्हा आम्ही सगळे हसलो. त्यांनी ती फ्रिजच्या दारावर, आमच्या धाकटीच्या चित्राशेजारी चिकटवली होती. आजपासून बरोबर एका महिन्याने आपण घरकामातून निवृत्त होत आहोत, असं टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं. खाली तेवीस मुद्दे होते, कुठल्या वारी काय करायचं आणि कसं करायचं याचे. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी दर रविवारी दहा वाजता स्वयंपाकघरात यावं, अशी शेवटची ओळ होती.

चार रविवार आले आणि गेले, कुणी फिरकलं नाही. मी झोप काढत होते. नवरा म्हणाला, आईची गंमत आहे, आठ दिवसांत विसरेल. मोठी तेरा वर्षांची, तिला त्या वयात आईबापांच्याच काय, कुणाच्याच नोटिशीत रस नव्हता. धाकटी एकदा डोकावली, पण तिला बटाटे सोलायला बसवल्यावर तिला अचानक अभ्यास आठवला.

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिथून निवृत्त झाल्या, निरोपाच्या समारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्याच्या पुढच्याच सोमवारी त्यांनी आमचं घर हातात घेतलं. मोठी तेव्हा वर्षाची होती आणि मी काचकामाचं दुकान नुकतंच सुरू केलं होतं. खिडक्यांची तावदानं बसवणं हा माझा धंदा. सासूबाई घर बघतात म्हणून मी शिडीवर चढू शकते, हे मलाही माहीत होतं, त्यांनाही. बोलून दाखवायची वेळ बारा वर्षांत कधी आली नाही, इतकंच.

पानगळ सुरू झाली की माझा हंगाम सुरू होतो. वर्षभर तडकलेल्या काचेवर कागद चिकटवून दिवस काढणाऱ्यांना थंडीची पहिली झुळूक लागली की एकदम घाई होते. दुकानातला फोन खाली ठेवायला फुरसत मिळत नाही. नेमक्या त्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, मी स्वयंपाकघरात आले तर शेगडी थंड. सासूबाई पायात बूट घालून, खांद्याला पिशवी अडकवून दारात उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं की त्या दीडपर्यंत येतील, आणि जेवायला काही असेल तर बरं, नसेल तरी चालेल. मग दार ओढून घेऊन निघून गेल्या.

पहिल्या आठवड्यात आमची चांगलीच तारांबळ उडाली. नवरा दातांच्या कवळ्या बनवतो, त्याच्या हाताला केसाइतका फरक कळतो. त्याने भात करायला घेतला तो प्रयोगशाळेतला वजनकाटा आणून. तांदूळ ग्रॅमवर, पाणी मिलिलिटरवर, मीठ चिमटीऐवजी आकड्यात. भात अगदी अचूक झाला, पण पोटभर कुणालाच पुरला नाही. बुधवारी मोठीच्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री नव्हती, कारण सोमवारी ते धुतलेच नव्हते. शुक्रवारी कळलं की साबण संपलाय. शनिवारी मी एका ग्राहकाच्या घरात काच कापायला बसले आणि हिरकणीऐवजी पिशवीतून बटाट्याची सालं काढायची सुरी निघाली. ग्राहकबाई समंजस होत्या. त्यांनी चहा दिला.

सासूबाई रोज सकाळी साडेनऊला बाहेर पडत आणि दीडला येत. गाल लाल, केस ओलसर. कुठे जाता म्हणून नवऱ्याने विचारलं तर म्हणाल्या, निवृत्त माणसाला कुणी विचारत नाही कुठे जातोस म्हणून. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. माझ्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारपर्यंत मी अगदी मेटाकुटीला आले होते, आणि मनाशी ठरवलं होतं की आज संध्याकाळी त्यांच्यापुढे बसायचं आणि सरळ सांगायचं: एवढा हंगाम काढून द्या, मग हवं ते करा. वाक्यसुद्धा तयार होतं. दुकानाचं शटर उघडताना मी ते दोनदा पुटपुटून पाहिलं.

त्याच सकाळी पोहण्याच्या तलावावरून फोन आला. आतल्या मोठ्या दालनाचं वरच्या रांगेतलं एक तावदान निखळायच्या बेतात होतं, आणि खाली माणसं पोहत असतात म्हणून काम लगेच हवं होतं. मी शिडी, काच पक्की करायच्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, डबा आणि काच घेऊन गेले. ऊबदार पाण्याची वाफ सगळीकडे दाटली होती. काम खोल बाजूच्या वर होतं, तिकडे दोऱ्या बांधून पोहणं बंद केलं होतं. मी वर चढले, जुनी लांबी खरवडली, आणि सहज खाली उथळ बाजूला नजर गेली.

तिथे पाचसात बायका कंबरभर पाण्यात उभ्या होत्या. सगळ्यांच्या डोक्यांवर रबरी टोप्या. त्यातली एक पिवळी टोपी हातात तरंगायची फळी घट्ट धरून पाय मारत होती, आणि माझ्या मोठ्या लेकीच्या वयाहून फार मोठी नसलेली शिक्षिका बाजूने चालत तिला समजावत होती. पिवळी टोपी मान हलवून ठामपणे नाही म्हणत होती. ती मान हलवण्याची पद्धत मी बारा वर्षं रोज पाहिली होती.

माझा हात लांबीत तसाच राहिला. शिक्षिकेने बहुधा पुन्हा काहीतरी सांगितलं. सासूबाईंनी फळी सोडली. क्षणभर त्या दिसेनाशा झाल्या. मग पिवळी टोपी वर आली, हात वर आले, तोंडातून पाण्याची चूळ उडाली, आणि त्या तीन हात अंतर, मोजून तीन हात, पोहत जाऊन कठड्याला धरून उभ्या राहिल्या. बाकीच्या बायकांनी पाण्यावर हात आपटून त्यांचं कौतुक केलं. सासूबाईंनी टोपी सारखी करत वर पाहिलं आणि शिडीवर त्यांची सून दिसली.

काम संपवून मी खाली आले तेव्हा त्या कपडे बदलून दालनाच्या दाराशी थांबल्या होत्या. केसांतून पाणी ठिबकत होतं. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी सांगितलं की घरी बोलायचं नाही. मी का म्हणून विचारलं.

"तुझा नवरा पाण्याला भितो. उद्यापासून माझ्यामागे येऊन काठावर बसेल."

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "लहानपणी आमची सगळी भावंडं तळ्यावर जायची. मी मोठी, मी काठावर. सगळ्यांचे कपडे सांभाळायला. मग लग्न झालं, मुलं झाली, समुद्रावर गेलो, तिथेही टॉवेल माझ्या मांडीवर. तुमच्या मुलींचेही मीच सांभाळले की. सत्तर वर्षं मी ओलं न होता पाण्याजवळ बसलेय."

मी तयार करून आणलेलं वाक्य जिभेवरून परत गिळलं. नुसतं सांगितलं की पाय मारताना गुडघे फार वाकतात तुमचे. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या की लांबी गालाला लागलीय, पुसून घे.

त्या संध्याकाळी मी फ्रिजवरची नोटीस पहिल्यांदा पूर्ण वाचली. पण वाचणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं. तेवीस मुद्द्यांतले निम्मे मला नुसते बारीकसारीक वाटले आणि त्यांच्याकडे मी कानाडोळा केला. त्याची शिक्षा तिसऱ्या आठवड्यात मिळाली.

गुरुवारी दुपारी वीज कडाडून पाऊस आला. मी काम आवरून धावत घरी आले तर मागच्या गच्चीचं दार उघडं, आणि दारातून पाणी आत येत होतं. पन्हळीत गळलेल्या पानांचा गच्च बोळा बसला होता. गच्चीत घोटाभर पाणी साचलं होतं आणि मागच्या खोलीत, जिथे गोधड्यांची आणि लोकरी कपड्यांची पेटी असते, तिथे पेटी पाण्यात उभी होती. मुली पायपुसणी घेऊन गोंधळलेल्या. तेवढ्यात नवराही आला. सासूबाई आपल्या खोलीतून खुर्ची घेऊन आल्या, कोरड्या कोपऱ्यात मांडली आणि पाय वर घेऊन बसल्या.

"पन्हळ दर गुरुवारी साफ करायची," त्या म्हणाल्या. "मुद्दा सातवा."

नवऱ्याचा चेहरा पडला. तो म्हणाला की आई, आता तरी उठ, हे काय चाललंय. मी पाहिलं की सासूबाईंच्या हाताची बोटं मांडीवर वळवळत होती. बारा वर्षांची सवय, ती खुर्चीत बसवून ठेवणं सोपं नव्हतं. त्या उठायच्या बेतात होत्या. मी नवऱ्याला अडवलं.

"त्यांना बसू दे," मी म्हणाले. "सासूबाई, तुम्ही फक्त सांगा, सुरुवात कुठून करायची?"

त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. एक दीर्घ श्वास घेतला आणि मग एक्स्चेंजमध्ये एकाच वेळी दहा जणांना जोडून देत असतील तशा सुटल्या. मला गच्चीत पाठवलं, पन्हळीत हात घालून पानं उपसायला. नवऱ्याला पेटी उचलून पलंगावर ठेवायला, मोठीला पाणी दाराबाहेर लोटायला, धाकटीला गोधड्या एकेक करून वाळत घालायला. पानांचा बोळा निघाला तसं पाणी गडगड करत खाली गेलं. खालच्या तीन गोधड्या भिजल्या होत्या, बाकी वाचल्या. सगळं घर डांबरगोळ्यांच्या वासाने भरलं. जेवायला उशीर झाला आणि कुणीच तक्रार केली नाही, कारण करणार कुणाकडे?

त्या रविवारी दहा वाजता आम्ही चौघेही स्वयंपाकघरात हजर होतो. सासूबाईंनी आधी आमच्या रांगेकडे पाहिलं, मग चहा मागितला आणि खुर्चीवर बसून शिकवलं. कणीक किती वेळ मळायची, कपडे कसे झटकून वाळत घातले की इस्त्री कमी लागते, भाजी आणायला मंगळवारच का. नवऱ्याने वजनकाटा परत नेऊन ठेवला आणि हाताच्या चिमटीवर आला. मोठीने सोमवारचं धुणं घेतलं आणि ते कसं घ्यायचं याची नोटिशीत नसलेली अशी एक पद्धत काढली की सासूबाईंनी ती दोनदा करून दाखवायला लावली. धाकटीला गुरुवार मिळाला. पन्हळीपाशी जायला तिला दोरी, टोपी आणि बाप असे तिन्ही लागत, पण पान एक राहत नसे.

एव्हाना नवऱ्याला तलावाचं कळलं होतं. मी नाही सांगितलं. त्यांनीच एका दुपारी ओली टोपी गच्चीत वाळत घातली. तो काठावर येऊन बसतो की काय अशी मला धास्ती होती, आणि तो खरंच एका शनिवारी गेला. परत येऊन त्याने हातपाय धुतले. मग म्हणाला, आई तलावाची रुंदी पार करते, न थांबता. जेवताना त्याने ते आणखी दोनदा सांगितलं.

नणंदेचा घरी फोन आला तेव्हा मी नुकतीच कामावरून आले होते, लांबीने माखलेल्या हातांनीच तो उचलला. आईला या वयात स्वतःच्या कपड्यांच्या घड्या घालायला लावता, असं तिने ऐकलं होतं. मी काही उत्तर देणार तोवर सासूबाईंनी फोन घेतला. त्या शांतपणे म्हणाल्या की घड्या मी माझ्याच घालते, बाकीच्यांच्या बाकीचे घालतात, आणि तू शनिवारी ये, जावयांच्या हातचं खायचं असेल तर त्यांनाही घेऊन ये, इथे शिकवणी फुकट आहे.

झाडांवर आता जेमतेम दहावीस पानं उरलीत. माझ्या हंगामाचे अजून दोन आठवडे आहेत. काल एका शाळेच्या सोळा तावदानांचं काम संपवून मी सहाला घरी आले. मोठी धुण्याच्या घड्या घालत होती, नवरा सूप ढवळत चव घेत होता. सासूबाई टेबलाशी बसून तलावाचं वेळापत्रक वाचत होत्या. त्यांनी सांगितलं की नव्या महिन्यापासून खोल बाजूची तुकडी सुरू होतेय, सकाळी आठला. मग मला विचारलं की आठला निघायचं तर नाश्ता कोण करेल. मी म्हणाले, मी करेन, आणि त्यांनी मान हलवली, या वेळी होकाराची. सूप आलं. त्यांनी एक चमचा घेतला, मीठ कमी आहे म्हणाल्या, आणि वाटी रिकामी करून दुसऱ्यांदा पुढे केली.