दारावरच्या शब्दांनी दमलेला फ्रीज

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. माझी पाठ तापते, पोट गार असतं आणि सारखं घुं घुं करून जीव नुसता मेटाकुटीला येतो. कारखान्यातून आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. शेजारच्या बायका मला बघायला यायच्या. "अगंबाई, आतला दिवा आपोआप लागतो!" म्हणत पुन्हा पुन्हा दार उघडायच्या. आता दाराचं रबर सैल झालंय आणि अंगभर इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या आहेत.

चिठ्ठ्या ताईच्या, या घरच्या लेकीच्या. आई दातांच्या दवाखान्यात उपकरणं धुवायची. एक दिवस डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "काउंटरवर बसाल? इंग्रजी बोलणारे पेशंट येतात हं. आठवडाभर बघू." झालं! ताई पेटलीच. तिने शब्दांची मुळं शोधून माझ्यावर डकवली आणि नियम केला: शब्द कुठून आला ते सांगा, मगच दार उघडा.

"कम्पॅनियन म्हणजे ज्याच्याबरोबर पाव वाटून खातो तो," बाबा घाम पुसत म्हणायचे. "आता तरी पाणी दे, माझे आई!"

"आणि विंडो?"

"वाऱ्याचा डोळा! अगं, घसा सुकला माझा."

आईला सगळं तोंडपाठ झालं. पण एका संध्याकाळी ती आली ती चेहरा पाडूनच.

"एका आजोबांना गुदमरायला लागलं. 'विंडो, प्लीज' म्हणाले. आणि मी काय केलं? हसून सांगितलं, वाऱ्याचा डोळा! तेही इंग्रजीत! खिडकी उघडायचं सुचलंच नाही गं. शेवटी बाईंनीच उघडली. 'उद्या शेवटचं बघू,' म्हणाल्या."

ताईचं तोंड एवढंसं झालं. "मी तुला शब्दांच्या पणज्या दाखवल्या. शब्द वापरून बोलायला शिकवलंच नाही."

मग नियम बदलला. हवं ते इंग्रजीत मागायचं. बाबा गालाला हात लावून पेशंट झाले, इतके कण्हले की आई हसून हसून खाली बसली. ओपन, वेट, सिट, आणि पेन म्हणजे दुखणं. दर शब्दाला माझं दार उघडलं, आपटलं. माझे सांधे बोलायला लागले, मित्रांनो. पण तक्रार कुणाकडे करू?

दुसऱ्या दिवशी आई येऊन मला टेकून उभी राहिली.

"एक छोटी मुलगी खुर्चीत जबडा आवळून बसलेली, म्हणून बाईंनी मला आत बोलावलं. मी म्हटलं, 'ओपन, प्लीज.' छे! मग तिला इंग्रजीतच सांगितलं, मसल, म्हणजे स्नायू, हा शब्द मूळचा छोटा उंदीर. तुझ्या गालात दडून बसलाय, सोड बाई त्याला. खुदकन हसली, तोंड उघडलं!"

"अगं, पण काउंटरचं काय?" ताई ओरडलीच.

"सोमवारपासून माझा!"

मित्रांनो, माझ्या पोटात ठेवलेली भाजी चार दिवस टिकते. शब्द तसे नुसते ठेवून टिकत नाहीत. त्यांचं मूळ जरूर शोधा, पण रोज त्यांना कामाला लावा. आणि या म्हाताऱ्याची एवढीच विनंती: आनंद करा, गप्पा मारा, पण आधी माझं दार लावा. या मायलेकी केव्हाच्या ते सताड उघडं टाकून नाचतायत.