एक बिनचूक वाक्य

मित्रांनो, मी इंग्रजी व्याकरणाचं एक जुनं सरावपुस्तक आहे. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर रिकाम्या जागा आणि शेवटी उत्तरं. स्वभावानं मी पहिल्यापासून खडूस. चूक दिसली की मला राहवत नाही!

मला विकत आणलं एका कुलूपवाल्याच्या मुलीनं. तिला नर्सची परीक्षा द्यायची होती. पार दूध उतू जाईपर्यंत ती माझ्यात डोकं खुपसून बसायची. पास झाली तेव्हा मला छातीशी धरून म्हणाली, "तू होतास म्हणून निभावलं रे बाबा!" मग ती नोकरीसाठी परदेशी गेली आणि मी कपाटावर गेलो. गरज सरो, वैद्य मरो! बारा वर्षं मला कुणी उघडलंसुद्धा नाही. एकटेपणा म्हणजे काय, ते मला विचारा.

एक दिवस खुद्द कुलूपवाल्यांनीच मला खाली काढलं. आता ते आजोबा झाले होते. बायको वारलेली, घरात दुसरं माणूस नाही. परदेशातल्या पाच वर्षांच्या नातीला इंग्रजीच तेवढं येतं. दर रविवारी ती फोनवर काहीबाही विचारायची आणि हे नुसते हसायचे. तिच्याशी एक तरी वाक्य बोलायचंच, असा त्यांनी चंग बांधला.

माझ्या पहिल्याच धड्यात 'द मिल्कमन कम्स डेली' आहे. दूधवाला रोज येतो. आजोबांना म्हणायचं होतं, तुझी आठवण रोज येते. त्यांनी दूधवाल्याला काढलं आणि शब्दकोशातली आठवण तिथे बसवली: 'युअर मेमरी कम्स डेली.' मी बारकाईनं तपासलं. कर्ता एकवचनी, क्रियापदाला 'स' लावलेला. नियमानं एकही चूक नाही. पण इंग्रजीत असं कुणी म्हणत नाही हो! सांगणार कसं? मला तोंड कुठे आहे?

रविवारी मला मांडीवर घेऊन त्यांनी ते वाक्य म्हटलं. नातीनं लगेच विचारलं, "फ्रॉम व्हेअर, ग्रँडपा?"

कुठून येते? प्रश्न त्यांना कळला. उत्तरासाठी ते माझी पानं उलटत सुटले, पार शेवटच्या उत्तरांपर्यंत. "थांब हं बाळा, थांब," एवढंच म्हणत होते. तेवढ्यात पलीकडून मुलगी म्हणाली, "बाबा, तिला पोहायला जायचंय. पुढच्या रविवारी बोलू हं." फोन बंद झाला. आजोबा तरी पानं उलटतच होते.

माझ्या दोनशे बारा पानांत ते उत्तर नव्हतं. मला फार लाज वाटली.

मित्रांनो, पुस्तकं जपा, हे तर सगळेच सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची भाषा तुम्हीच शिकून घ्या. या वयात त्यांना माझ्यापुढे बसवू नका.