मल्हीचं नाव

मी एक जुनी पाटी आहे आणि मला राग आला आहे. मित्रांनो, म्हातारपणी वस्तूंनी शांतपणे आठवणी सांगाव्यात अशी रीत आहे, हे मला ठाऊक आहे. पण माझी हकिकत ऐका आणि मग तुम्हीच सांगा, शांत कसं राहायचं?

आमचं ग्योंगसान म्हणजे विद्यार्थ्यांचं गाव. जिकडे तिकडे विद्यापीठं आणि प्रत्येक फाटकापाशी खानावळी. आमची खानावळ त्यातल्याच एका विद्यापीठाच्या मागच्या फाटकाजवळच्या चढावर. चार टेबलं, एक मोठं बिडाचं भांडं आणि जोम्रेमावशी. नवरा गेल्यावर मावशी डोंगरातल्या खेड्यातून सात वर्षांच्या मल्हीला, आपल्या लेकीला, घेऊन इथे आली. तिच्या हातचा एक पदार्थ मात्र लाखात एक होता, सिरेगीचा रस्सा. मुळ्याचा पाला सावलीत वाळवायचा, उकडून मऊ करायचा आणि आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणात शिजवायचा. सोबत भात आणि किमची, म्हणजे तिखट आंबवलेला कोबी. भात पुन्हा मागितला तर पुन्हा. पोरं तिला मावशी म्हणायची आणि ती पोरांना मेल्यांनो म्हणायची.

त्या पोरांत बे मुन्सिक नावाचा एक होता. दूरच्या बेटावरच्या कोळ्याचा मुलगा. वडिलांची होडी बुडाली, घरून पैसे यायचे थांबले, तेव्हा तो राहायचा तिथल्या घरमालकिणीने त्याचं जेवण बंद केलं. पुढचे दोन हिवाळे तो मावशीकडे जेवला. मावशीने त्याला कधी काही विचारलं नाही. उलट त्याच्या वाडग्यात पाला जरा जास्तच पडायचा.

१९८६ च्या वसंतात त्यानेच मला घडवलं. अंगणातल्या मोडक्या लाकडी मंचकाची मी एक फळी. त्याने मला घासून गुळगुळीत केलं, तेल पाजलं आणि मोर्चाच्या फलकांतून उरलेल्या काळ्या रंगात कुंचला बुडवला. नाव काय लिहू, असं त्याने विचारलं. मावशी भांडी घासत होती. लिही काहीही, ती म्हणाली, रस्सा तोच राहणार आहे. मल्ही उंबऱ्यावर गणितं सोडवत बसली होती. मुन्सिकने तिच्याकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘मल्हीकडे’.

त्याचं अक्षर सुंदर होतं. खोटं कशाला बोलू? पहिलं अक्षर जरा खाली झुकलेलं, शेवटच्याची शेपटी वर उडालेली. मला त्या अक्षरांचा फार अभिमान वाटायचा. आज तेच मला डाचतं.

तीस वर्षं मी दारावर होते. जुनी पोरं नव्यांना सांगायची, जेवायचं तर मल्हीकडे. मार्चमध्ये विद्यार्थी संघ नव्या मुलांना कुठे जेवावं याचा एक कागद वाटायचा. त्यात आमचं नाव सगळ्यात वर असायचं. सक्तीच्या सैन्यसेवेला जायच्या आदल्या दिवशी मुलगे डोकं भादरून यायचे आणि लाजून टोपी न काढताच जेवायचे. मावशी त्यांच्या रश्श्यात न विचारता अंडं फोडायची. मल्ही मोठी झाली, शेजारच्या देगू शहरात कापडगिरणीत लागली आणि आईचे गुडघे गेले तेव्हा नोकरी सोडून परत आली. पहिल्या दिवशी माझ्याखाली उभी राहून ती आईला म्हणाली, आता खरोखर मल्हीकडे झालं बघ.

मग एके दिवशी मुन्सिक आला. अठ्ठावीस वर्षांनी, काळ्या मोटारीतून. मावशी त्याला पाहून रडली. त्याने तीन वाडगे रस्सा खाल्ला. सोलमध्ये एक छोटीशी खानावळ काढायची आहे, म्हणाला, मावशीची आठवण म्हणून. दहा दिवस राहिला. पाला किती वेळ उकडायचा, वाटण किती महिने मुरवायचं, सगळं वहीत उतरवून घेतलं. जाताना त्याने माझे फोटो काढले. समोरून, बाजूने, अगदी जवळून. मी खुळी, उन्हात चमकून दाखवत होते. मल्हीला ते आवडलं नाही. तिने आईला तसं सांगितलं, तर मावशी तिच्यावरच उखडली. आपल्याकडे जेवलेल्या माणसावर संशय घ्यायचा नसतो, म्हणाली.

तीन वर्षांत देशभर त्याची शंभरावर दुकानं झाली. प्रत्येकावर ‘मल्हीकडे’. अक्षरं माझीच, फक्त प्लास्टिकची आणि आत पिवळा दिवा. जाहिरातीत कुणी एक अनोळखी म्हातारी पाला वाळवत बसलेली असायची. आमच्याच विद्यापीठाच्या पुढच्या फाटकाशी त्याचं नवं दुकान उघडायचं ठरलं, आणि आम्हाला पत्र आलं. ‘मल्हीकडे’ हे नाव आणि ती अक्षरं कंपनीच्या नावे नोंदलेली आहेत. तीस दिवसांत पाटी उतरवा, नाहीतर खटला.

मल्हीने पत्र दोनदा वाचून दाखवलं. यात मुन्सिकचं नाव कुठे आहे, असं मावशीने विचारलं. कुणा भलत्याच माणसाने पाठवलं असेल, असं तिला वाटत होतं. मल्हीने खालची सही दाखवली.

दोन दिवसांनी तो स्वतः आला. बूट न काढता दारातच उभा राहिला.

“मावशी, मनावर घेऊ नका. वकील लोक असंच लिहितात,” तो म्हणाला. “तुम्ही आमची शाखा व्हा. नवी पाटी देतो. वाटणाची पाकिटं कंपनीकडून येतील. या वयात पाला उकडत बसायला नको.”

“मुन्सिकदादा, नाव माझं आहे,” मल्ही म्हणाली.

“नाव मी दिलं, मल्ही. अक्षरं माझी. तुम्ही तर इतक्या वर्षांत त्याची साधी नोंदही केली नाहीत.”

“मुलगी झाली तेव्हा केली होती नोंद,” मावशी म्हणाली. “गावच्या कचेरीत. तू कुठे होतास तेव्हा?”

तो हसला आणि निघाला. मावशीने बरणीतून मूठभर खडे मीठ घेतलं आणि त्याच्या पाठोपाठ उंबऱ्यावर फेकलं. घरातून अवदसा गेली की आमच्याकडे मीठच फेकतात. काही खडे माझ्यावर आपटले. मला वाटलं, आणखी फेक. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे मी ऐकले होते. हा तर वासे उपटून न्यायला आला होता.

त्या रात्री मावशीचा धीर सुटला. काढ ती पाटी, ती मल्हीला म्हणाली, कोर्टकचेऱ्या आपल्याला झेपायच्या नाहीत. मल्हीने मला काढलं, पण कोठीत ठेवलं नाही. नव्या दुकानाच्या उद्घाटनाच्या दिवशी, भर दुपारी, तिने मला पाठीवर बांधलं आणि पुढच्या फाटकाशी नेलं. दारात शुभेच्छांचे मोठे गोल पुष्पहार उभे होते आणि दोनशे पोरांची रांग. मल्हीने मला त्या पिवळ्या दिव्यांच्या पाटीखाली टेकवलं आणि आपलं ओळखपत्र काढून वर धरलं.

“नाव वाचा,” ती म्हणाली. “मल्ही मी आहे. आत जी मल्ही आहे तिला बोलवा बाहेर. मला बघायची आहे ती.”

रांगेतल्या माना वळल्या. मग पुढचा एक मुलगा अगदी सभ्यपणे म्हणाला, “काकू, आज इथे अर्ध्या किमतीत आहे. तुमच्याकडे उद्या येतो ना.”

काही पोरं हसली. पंधरा-वीस जण रांगेतून बाहेर पडले, बाकीचे तिथेच राहिले. मित्रांनो, मुन्सिकपेक्षा त्या हसण्याचा मला जास्त राग आला, तो अजून गेलेला नाही. दरवानाने मला उचलून रस्त्याकडे भिरकावलं. मी फूटपाथच्या कडेवर आपटले आणि वरपासून मध्यापर्यंत तडकले. काचेच्या आत मुन्सिक उभा होता. त्याने पाहिलं आणि पडदा ओढला.

रांगेतून बाहेर पडलेल्यांत सोंग युरिम नावाची कायद्याची विद्यार्थिनी होती. तिने मल्हीबरोबर मला उचलून घरी आणलं आणि तिच्या प्राध्यापिकेला गाठलं. ती बाई शिकत असताना आमच्याकडे जेवलेली होती. तिने आमच्या बाजूने खटला लढवला. चौदा महिने मी मागच्या अंगणात भिंतीला टेकून होते. माझ्यावर पक्षी शिटले, माझ्या तड्यात पाणी गोठलं. त्या काळात आमच्या दारावर काहीच नव्हतं. मोबाइलच्या नकाशात ‘मल्हीकडे’ शोधलं की पुढचं फाटकच दिसायचं. चारपैकी दोन टेबलं रिकामी राहायची.

निकाल लागला. मागच्या फाटकावरच्या या एका खानावळीला हे नाव वापरायचा हक्क आहे, असं न्यायालयाने सांगितलं. बाकीच्या देशात ते त्याचंच राहिलं. युरिमने आनंदाने मल्हीला मिठी मारली. मला काही आनंद झाला नाही. चोराने सगळं घर न्यायचं आणि उंबरा परत करायचा, याला जिंकणं म्हणतात का?

मल्ही मला पुसून दारावर चढवायला निघाली, तेव्हा मावशीने काठी आडवी धरली.

“त्याच्या हातची अक्षरं माझ्या दारावर नकोत,” ती म्हणाली. “उलटी कर तिला.”

मल्हीने तडा जोडून घेतला, मला उलटं केलं आणि माझ्या कोऱ्या पाठीवर स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहिलं. तिचं अक्षर काही सुंदर नाही. ओळ वर चढत गेलेली, रंग दोन ठिकाणी ओघळलेला. मुन्सिकची अक्षरं आता भिंतीकडे तोंड करून आहेत. राहू देत तिथेच.

तर मित्रांनो, मी तुम्हाला पाट्या जपा असं सांगणार नाही. लाकूड तडकतं, जोडता येतं. पण कुठे जेवावं असं कुणी तुम्हाला विचारलं, तर दिवे बघून सांगू नका. आत चुलीपाशी कोण उभं आहे ते आधी डोकावून बघा. आणि ज्या घरी तुमची भूक भागली त्या घराचं काही उचलू नका, नाव तर मुळीच नाही.

परवा युरिमने जेवता जेवता मावशीला विचारलं, की मुन्सिक उद्या खरंच भुकेला होऊन आला तर काय करशील?

मावशीने ढवळणं थांबवलं नाही. “वाढीन,” ती म्हणाली. “भुकेल्याला मी परत पाठवत नाही. पण बस म्हणणार नाही. उभ्यानं खायचं आणि जायचं.”

मी दारावरून ऐकत होते. मला विचाराल तर मी त्याला उंबराही ओलांडू दिला नसता.